तुझं पेनीरॉयल माझ्या घरात आलंय

प्रिय निमे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण पुतणी तनू शेजारच्या खोलीत असते आणि या घराच्या भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडही आहे. शिवाय मागच्या खेपेला फोनवर आपलं जे काही झालं त्यानंतर अबोला मीच धरला होता. तो इतका ताणला जाईल असं वाटलं नव्हतं. तूही काही कमी हट्टी नाहीस म्हणा. असो. तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच आहे, ह्यांची साखर आटोक्यात. झालं.

आता मुद्दा. परवा आमच्या मांजराची, भोपळ्याची फणी शोधत होते. तनूच्या कपाटातल्या खालच्या खणात त्याचा डबा असतो, त्यात फणी, पावडर, तो कुरतडलेला चेंडू असं सगळं. आणि त्यातच एक तपकिरी काचेची बाटली. अंगठ्याएवढी. तोंडाशी थेंबथेंब पाडणारं प्लास्टिकचं बूच, लेबलवर जांभळट फुलांचं चित्र, 'शंभर टक्के शुद्ध, नैसर्गिक', आणि त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'मेंथा पुलेजियम', म्हणजे तुझं पेनीरॉयल, ते पुदिन्याच्या जातीचं झाड. १० मिली. झाकण फिरवलं तर सील आधीच तुटलेलं. उजेडात धरली. तेल मानेच्या जरा खाली होतं. पण अशा बाटल्या मुळातच काठोकाठ भरत नाहीत, त्यामुळे ते वापरून उतरलंय की पहिल्यापासून तेवढंच होतं, काही कळेना. खिडकीशी उभी राहून मी तेवढंच बघत बसले.

वास घेतला. आधी पुदिनाच. अगदी ओळखीचा, घरातला. मग मागून काहीतरी कापरासारखं उग्र वर येतं आणि नाकात रुतून बसतं. एक थेंब अंगठ्याला लागला होता, तो साबणानं घासूनही संध्याकाळपर्यंत हटला नाही.

हे तुला सोडून कुणाला सांगू? एक तर तुझ्या अंगणात फरश्यांच्या फटींतून हीच बया पसरलीय आणि तिच्यावरून चालताना कसा घमघमाट सुटतो याचं कौतुक तू मला चारचारदा ऐकवलंयस. दुसरं म्हणजे शैलाची ती रात्र. ती माहीत असलेली तिसरी व्यक्ती शैलाच, आणि तिला कोणत्या तोंडानं लिहू?

आता म्हणशील, सुमे, राईचा पर्वत करू नकोस, बाटली मांजराच्या डब्यात होती म्हणजे मांजरासाठीच असणार. मीही आधी तेच म्हटलं. भोपळ्या गेला महिनाभर खाजवतोय. पेनीरॉयलनं पिसवा पळतात हे काही थोतांड नाही, रोमन लोकांपासून तोच धंदा चालू आहे. पण अगं, तेवढ्याचसाठी असलं तरी जिवाशीच खेळ! १९९२ साली एका कुत्र्याची नोंद छापून आली होती. मालकानं पिसवांसाठी अंगभर हे तेल चोळलं आणि कुत्रा मेला, यकृत पार निकामी झालेलं. कातडीतून गेलेलं तेल, पोटात घेतलेलंही नाही. मांजराचं तर त्याहून कठीण. ते दिवसभर स्वतःला चाटणार, आणि असले पदार्थ निचरा करून बाहेर टाकायची त्याच्या यकृताची ताकद आधीच बेताची. तेव्हा भोपळ्यासाठी असेल तर मी आनंदानं आरडाओरडा करीन आणि विषय संपेल. मी मनापासून प्रार्थना करतेय की ते मांजरासाठीच असू दे. या वयात काय काय मागावं लागतं देवाकडे.

पण निमे, तसं वाटत नाही. सांगते का ते.

काही दिवसांपूर्वी आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. ही अगदी सहज, खाली मान घालून म्हणाली, "काकू, तुमच्या वेळी पाळी लांबली की काय करायचे?" मी म्हटलं, "वाट बघायचे." ती हसली, मीही हसले, चादरीची टोकं जुळवली आणि विषय तिथेच राहिला. तिची पाळी पहिल्यापासूनच अनियमित आहे, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. आणि त्याच आठवड्यात तू तुझा तो चहाचा फोटो टाकलास. काचेच्या पेल्यात फिकट हिरवं पाणी, वर तरंगणारं फूल, खाली 'आजीबाईंचा बटवा, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर'. तनूनं त्याला बदाम दिला होता. मी बघितलाय. तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाहीये.

बरं, म्हणतेय. थोडंसं.

चिडू नकोस, आधी ऐकून घे. आपली खोली एक होती तेव्हापासून हेच चाललंय, तू झाडाच्या बाजूनं आणि मी बाटलीच्या बाजूनं. तू खोड चौकोनी आहे का ते बोटांनी चाचपून तुळशीच्या कुळात नाव घालून मोकळी व्हायचीस आणि मी विचारायची, आत काय आहे ते बोल. याही खेपेला तू फोनवर तेच ऐकवलंस. किती गोजिरवाणं झाड आहे, जमिनीलगत लोळतं, पेर टेकलं की मूळ धरतं, पेपरमिंटसारखा शेंड्याला तुरा नाही तर पानांच्या बगलेत फुलांचे लिलाक गोंडे, एकावर एक, मध्ये अंतर सोडून. सगळं कबूल. देखणी आहे. शैलाही देखणी होती.

पण आतलं बघ. पेपरमिंटच्या पानात मेंथॉल तयार होतं त्या वाटेवर पुलेगोन नावाचा एक रेणू लागतो. पेपरमिंट तिथे थांबत नाही. त्याच्याकडे पुढचं विकर आहे, ते पुलेगोनचं मेंथोन करतं आणि मेंथोनचं मेंथॉल. म्हणून कोवळ्या पानात पुलेगोन जास्त आणि जून पानात मेंथॉल जास्त. पेपरमिंटच्या चांगल्या तेलात मेंथॉल साधारण ३० ते ५५ टक्के भरतं, पुलेगोन नावापुरतं. तुझ्या पेनीरॉयलचं गाडं मात्र त्या मधल्या मुक्कामावरच अडतं. तिच्या तेलाचा मोठा हिस्सा पुलेगोनच. वास सख्ख्या बहिणीसारखा, म्हणून तर माणूस बेसावध राहतो.

आणि त्या पुलेगोनचं पोटात गेल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे, उगाच झोपेचं सोंग घेऊ नकोस. ते स्वतः जेवढं वाईट त्याहून यकृत त्याचं जे करतं ते वाईट. विषारी वस्तू मोडून बाहेर काढायची यकृताची जी नेहमीची विकरं आहेत, तीच त्याचं मेंथोफ्युरान आणि आणखी काही जहाल तुकडे करतात. यकृतात ग्लुटाथायोनची जी शिल्लक असते ती या तुकड्यांना आवरण्यात संपते, आणि मग पेशीच जळायला लागतात. पॅरासिटामॉल जास्त झालं की जे होतं, जवळजवळ त्याच जातीचं. म्हणून तर उताराही तोच देऊन बघतात, एन-असिटिलसिस्टीन, आणि तोही वेळेत पोचला तर.

शैलाच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण काय प्यायली ते तिनं सांगितलंच नाही. आणि आपण दोघी बाकावर बसून तिनं सांगितलं नाही तर आपण कसं सांगायचं यावर कुजबुजत भांडत होतो. शेवटी उठून डॉक्टरांकडे गेलीस ती तू. ते मी विसरलेले नाही. तुझ्यावर कितीही चिडले तरी ते विसरत नाही.

तुझं आवडतं वाक्य, "दोन हजार वर्षं लोक पितायत." हो, पितायत. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसनं लिहून ठेवलंय, रोमन लेखक प्लिनीनं तर डोकेदुखीवर तिची माळ डोक्याला बांधायला सांगितलीय. ग्रीकांच्या एल्युसिसच्या व्रतात सातूच्या पाण्यात पेनीरॉयल घालून प्यायचे, हेही तूच मला सांगितलंस, मोठ्या ऐटीत. सर्दी, पोटातला वारा, घाम आणणं, विटाळ आणणं, सगळ्यावर ही एकच. पण निमे, ज्या बायका प्यायल्या आणि वाचल्या त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलं. ज्या मेल्या त्या सांगायला मागे राहिल्या कुठे? बटव्याच्या हिशेबात ते खातंच नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत १८ वर्षांची एक मुलगी गर्भ पाडायला म्हणून याचं तेल प्यायली. सुमारे ३० मिली. तिला उलट्या, पोटात दुखणं, मग रक्तस्राव, मग यकृत गेलं. आठवड्याभरात मुलगी गेली. नंतर अशा सगळ्या नोंदी एकत्र करून बघणाऱ्यांना दिसलं की जे गंभीर आजारी पडले ते १० मिली किंवा त्याहून जास्त घेतलेले होते. म्हणजे माझ्या कुलुपात आत्ता आहे ती एक बाटली. आणि गर्भ पडतोच असंही नाही. पडलाच तर तो आईला विष भिनल्यामुळे. म्हणजे 'लागू पडणारी' मात्रा आणि मारणारी मात्रा यांच्यात फटच नाही.

तुझा पुढचा डाव मला ठाऊक आहे. "अगं पण मी तेल कुठे पिते, पानं घालते." बरोबर. पानात तेल फार थोडं आणि पाण्यात त्यातलंही थोडंच उतरतं. तू इतकी वर्षं पितेस आणि ठणठणीत आहेस, तेही दिसतंय, निदान जिभेवरून तरी. पण १९९६ साली दोन तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध झाली. पोट दुखतंय म्हणून त्यांना घरच्या कुंडीतल्या पुदिन्याचा चहा पाजला होता. तेल नव्हे, चहाच. तो पुदिना निघाला पुलेगोनवाला. एक बाळ दगावलं, दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. पाजणारी माणसं मायेचीच होती. पेल्यात किती उतरलंय हे ना त्यांना मोजता येत होतं, ना तुला येतं.

आता मी पुदिन्याची वैरीण आहे असा बोभाटा करू नकोस. पेपरमिंटच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या पोटात मुरडा येणाऱ्यांना खरोखर गुण देतात, ह्यांनाच डॉक्टरांनी दिल्या होत्या. त्यात आमचे चिरंजीव पतिदेव! अख्खी गिळायची गोळी यांनी चघळली. का, तर वास छान येत होता. त्या गोळीला वरून कवच असतं ते याचसाठी की तेल जठरात सुटू नये, कारण ते अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं आणि आम्ल वर येतं. मग रात्रभर छातीत जळजळ, आणि मला हाका, "अगं, मला हार्ट अटॅक येतोय बहुतेक, वासासकट." सकाळी मी गोळीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला तर म्हणे, आधी सांगायचंस. तसाच तो मेंथॉलचा गारवा. कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या दारालाच मेंथॉल जाऊन डिवचतं, प्रत्यक्षात काहीच गार होत नाही. चोंदलेलं नाकही फारसं उघडत नाही, उघडल्यासारखं वाटतं एवढंच. ते दार शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, वाटून. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी असलं काही लावायचं नाही, श्वास कोंडतो, हे मी तुझ्या सुनेला लिहिणारच होते. तूच सांग.

भरकटले. तनू.

बाटली मी उचलून माझ्या कपाटात कुलुपात ठेवली. दुसऱ्याच्या खणातली वस्तू न विचारता उचलणं शोभतं का, असं तू विचारशील. शोभत नसेल. पण ती तिथेच ठेवून मला झोप आली नसती. खरा घोर तर त्याच्यापुढेच सुरू झाला. बाटली गेल्याचं तिला कळलंय. काल ती भोपळ्याचा डबा काढून बसली होती, मी दारातून पाहिलं. फणी काढली, पावडर काढली, तळाशी हात फिरवला, सगळं परत भरलं. आणि एक अक्षर बोलली नाही. पिसवांचं औषध असतं तर "काकू, इथली बाटली कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं की नाही तिनं? मोजा हरवला तरी पंचनामा करणारी पोरगी ती.

तेव्हापासून मी तिच्या डोळ्यांत बघतेय. शब्दशः. पांढऱ्यावर पिवळी झाक येतेय का ते. दिव्याखाली तर सगळेच काविळीचे दिसतात, काल हेसुद्धा दिसले. तिनं घेतलेलं दिसत नाही, देवाची कृपा. नीट जेवते, फोनवर खिदळते, उलटी नाही, चक्कर नाही, पोटात दुखत नाही. हे तेल घेतलं तर काही तासांतच मळमळ आणि पोटदुखी सुरू होते, यकृताचं लक्षण मागाहून दिसतं. त्यामुळे मी पहारा सोडलेला नाही. जरा जरी तसं वाटलं तर बाटलीसकट तिला उचलून दवाखान्यात नेणार, मग ती मला जन्मभर शिव्या देईना का. आणि काय घेतलं ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगणार.

पण विचारायचं कसं? मी मनात किती वाक्यं जुळवली. "तनू, ही बाटली कसली?" हे पोलिसी झालं. "तनू, तुझी पाळी आली का?" हे तिच्या आईसारखं झालं, आणि आईला ती काय उत्तर देते ते मला माहीत आहे. आई म्हणजे आमच्या जाऊबाई. त्यांना कळलं तर त्या आधी रडतील, मग पोरीला बोलतील, मग मला बोलतील, आणि मुलीला कुणी काही विचारायचं राहूनच जाईल. दीर तर अजून बाटलीवरचं नाव वाचत असतील. म्हणून तिकडे कळवलेलं नाही आणि इतक्यात कळवणारही नाही. मुलगी १९ वर्षांची आहे. तिच्या शरीराचं काय ते आधी तिला बोलू दे.

मला तिला एवढंच सांगायचंय. पाळी लांबली तर आधी चाचणी कर. नसेल तर कारण शोधू. थायरॉइड असेल, बीजकोशांचं काही असेल, परीक्षेचा ताण असेल, सगळ्याला उपाय आहेत आणि त्यातला एकही मांजराच्या डब्यात ठेवावा लागत नाही. आणि चाचणी होकारार्थी आली तरी मी सोबत येईन, डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघी जाऊ, त्यांच्याकडे यासाठी सुरक्षित औषधं आणि रीतसर पद्धती आहेत. कुणीही तुझ्यावर डोळे वटारणार नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. एवढं साधं आहे. पण तिच्यासमोर गेलं की मी म्हणते, "भात घेतेस अजून?"

म्हणून तुला लिहितेय. तू बोल तिच्याशी. माझ्यापेक्षा तुझं ऐकते, कारण तू अंगणात झाडं लावणारी मजेशीर मावशी आणि मी बिलं ठेवणारी काकू. तुला बोलायला निमित्तही आहे, बदाम तिनं तुलाच दिलाय. पण दोन गोष्टी. एक, "माझा चहा चालतो, तेल तेवढं वाईट" असलं अर्धवट बोलायचं नाही. त्या वयाला 'पण'च्या आधीचं तेवढंच ऐकू येतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०१८ मध्ये कृत्रिम पुलेगोन खाण्याच्या स्वादांतून काढून टाकलं, तू आपला तो फोटो तरी काढून टाक. दुसरं, शैलाचं सांगायचं की नाही ते तुझ्यावर सोडते. मला सांगता येत नाही. तू सांगितलंस तर नाव बदलू नकोस. उगाच 'माझी एक मैत्रीण' करून सांगितलं की पोरांना गोष्ट बनावट वाटते.

झाड उपट असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू आणखी दोन वाफे लावशील, ओळखते मी तुला. पण नातू रांगायला लागेल तेव्हा तरी त्या फरश्यांकडे बघ. त्याला पानं तोंडात घालायला कुणी शिकवावं लागत नाही.

तुझं काय चाललंय? मोतीबिंदूचं उरकलं का? विजूच्या नोकरीचं कळलं, वाईट वाटलं, पण तिथे तो कधी रमलाच नव्हता. सुनेला आशीर्वाद. धाकटीच्या लग्नाचं तू लिहिलंस तसं असेल तर घाई करू नका, आणि मुलाची पगाराची स्लिप नको, तो चिडल्यावर कसा वागतो ते बघा. माझं ते जांभळ्या काठाचं पातळ अजून तुझ्याकडेच आहे, विसरले नाहीये.

फोन रात्री नऊनंतर कर, तेव्हा ती मोकळी असते. आणि तिला कर, मला नको. माझ्याशी बोललीस तर आपण आधी भांडू, मग रडू, आणि दहा वाजतील.

तुझी,
सुमन

ता. क. भोपळ्याला पशुवैद्याकडून पिसवांचं रीतसर औषध आणून लावलं. मला बोचकारलंन. बरं आहे, अंगात जोर आहे अजून.